तो मासा गोड्या पाण्यातला होता

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला सिरोंच्याच्या जीवाश्मांवरचा लेख वाचला. आमच्या टोकाच्या तालुक्याची आठवण ठेवलीत, आभारी आहे. पण माशाच्या चित्राखाली ‘प्राचीन समुद्री मासा’ असं छापलंत, त्याने काल दिवसभर चैन पडलं नाही.

हा मासा म्हणजे सिरोंच्याजवळच्या कोटा गावच्या खडकांतला लेपिडोटिस, तो समुद्रातला नव्हे. युरोपात त्याच्या भाऊबंदांचे जीवाश्म समुद्री थरांतही मिळतात, घोळ तिथूनच झाला असावा. आमच्याकडची चुनखडी तळ्याच्या तळाशी साचलेली आहे. 1851 साली लंडनच्या भूशास्त्रीय नियतकालिकात एगर्टन यांनी त्याचं वर्णन केलं आणि नाव पडलं ‘डेक्कनेन्सिस’, दख्खनचा. हा मासा पोहत होता तेव्हा दख्खनचा काळा पाषाण तयार व्हायला आणखी दहा कोटी वर्षं होती! नावात आमचा प्राणहिताकाठ नाही, निदान चित्राखालची ओळ तरी बरोबर हवी होती.

मी इथे अठ्ठावीस वर्षं शिक्षक होतो. 1987 च्या उन्हाळ्यात सातवीतला एक मुलगा नदीकाठून पाटीएवढी फरशी घेऊन आला. तिच्यावर काळपट, चकचकीत, चौकोनी खवले होते, कौलं शाकारावीत तसे ओळीने बसलेले. नखाने टकटक केलं तर दातासारखे कठीण. सगळ्या वर्गाने हात लावून पाहिला. पुढे एका कार्यालयातले साहेब आले, “अभ्यासाला नेतो” म्हणाले आणि फरशी घेऊन गेले. मी पावती मागितली नाही. चार वर्षांनी स्वतः जाऊन विचारलं, तर अशी काही नोंदच नाही. त्या मुलाला काय सांगायचं, हे मला आजही सुचलेलं नाही. तो भेटला की विचारतो, “गुरुजी, माझा मासा?”

म्हणून लेखाची तीन पानं डायनासोरला आणि माशाला एक ओळ, तीही चुकीची, हे फार लागलं. बारापासॉरस या इथल्या डायनासोरचा सांगाडा कोलकात्यात उभा तरी आहे. आमच्या तळ्यातले मासे फरशीफरशीने निघून गेले.

आणखी एक. पावसाळ्यात रस्ता बंद झाला की तुमचा अंक इथे तिसऱ्या दिवशी येतो, वर्गणी मात्र पूर्ण घेतली जाते. तेही पाहावं.

दुरुस्ती पुरवणीतच छापा, आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सिरोंचा