बाबा घरी यायचे

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
पौष महिना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा फोन आला तेव्हा दारात मांडव होता, माणसं बसलेली होती, म्हणून दोन शब्दांवर आटोपलं. परवा बाबांची तेरवी झाली. बहिणी आपापल्या घरी गेल्या, मागून आणलेली गंजं-सतरंज्या पोचती झाली. आईला आत्ताच झोप लागली आणि मी लिहायला बसलो. तुला सविस्तर लिहायलाच हवं. दहावीचं वर्ष तू आमच्या घरी राहून काढलंस, आमच्या चुलीवरची भाकर खाल्लीस. बाबांना तू जवळून पाहिलंस.

तेरवीला जो तो एकच म्हणत होता, "लय कष्टाळू माणूस होता बाप्पा." खरंच आहे ते. पण आपल्याकडच्या कोरडवाहू वावरात कष्टावाचून कोणाचं भागलं? मृगाच्या आधी वखर, पाऊस पडला की पेरणी, मग डवरे, निंदण, फवारणी, वेचणी, उलंगवाडी. हे सगळं सगळ्यांच्याच वाट्याला येतं. त्या शब्दानं माझं समाधान होईना. मला बाबा आठवतात ते घरी येणारे. दिवस मावळला की या माणसाचे पाय दुसरीकडे वळतच नसत. पारावर नाही, बसस्टँडवर नाही, आणि दारूच्या गुत्त्याकडे तर आयुष्यात नाही. गुरुवारी गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला जायचे, ते सुद्धा आम्हा सगळ्या लेकरांना संगं घेऊन.

तुला त्यांची सुरुवातीची हकीकत पुरती माहीत नसेल. ७२ च्या दुष्काळात ते सोळा वर्षांचे होते. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले. नंतर एका पाटलाकडे सालगडी लागले. गुढीपाडव्याला साल ठरायचं. थोडी रोख, बाकी ज्वारी, वर्षाचं धोतर-बंडी आणि वहाणा. सालगड्याला रात्री मालकाच्या कोठ्यात बैलांपाशी झोपावं लागायचं. बाबांनी साल ठरवताना अट घातली, की बैलांना कुटार-ढेप टाकून मी घरी जाईन आणि कोंबड्याच्या आधी परत येईन. त्यापायी पाटलानं सालातली ज्वारी कमी केली. आजीनं बोल लावला तर म्हणाले, "माय, ज्वारी कमी आली तं कमी खाऊ."

मग काका गेले, अचानक. मागे काकू आणि दोन लहान लेकरं. त्याच सुमारास बाबांच्या मामेभावानं त्यांना नागपूरला एम्प्रेस मिलमध्ये चिकटवायचं ठरवलं होतं. पक्का पगार, दर महिन्याला हातात पैसा. त्या काळी मिलमध्ये लागणं म्हणजे घराचं सोनं झालं असं लोक समजत. बाबांनी नाही म्हटलं. भावाच्या लेकरांना बाप पाहिजे, मनिऑर्डर नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. पुढे २००२ साली ती मिल कायमची बंद पडली तेव्हा गावातले लोक त्यांना म्हणू लागले, तू दूरचं पाहिलंस. बाबांना ती शाबासकी कधी घेता आली नाही. "मिल बंद पडन हे मले का माहीत होतं? मले घरी याचं होतं, एवढंच," असं म्हणून ते विषय मोडत.

म्हणून आमच्या घरात पाच लेकरं. आम्ही तिघं आणि काकांची दोघं. पाहुण्यांना यातली पोटची कोणती हे विचारावं लागायचं, आणि विचारलं की बाबांना राग यायचा. एरवी राग म्हणून त्यांच्यापाशी नव्हताच. तीन एकर वावर विकत घेतलं तेव्हा सातबाऱ्यावर त्यांनी दादाचंही नाव चढवलं. दादा म्हणजे काकांचा मुलगा, तुझ्या लक्षात असेल, आपल्याला सायकलवरून शाळेत सोडायचा तो.

हे आज लिहायचं कारण घडलं. स्मशानात अग्नी कोणी द्यायचा यावरून जुनी माणसं घुटमळली. मुलगा म्हणून मीच पुढे व्हावं, असं त्यांचं म्हणणं. मी दादाच्या हातात मडकं दिलं. बाबांचा थोरला तोच आहे. दोन-चार जणांनी तोंडं वाकडी केली. आईला घरी आल्यावर सांगितलं तर ती म्हणाली, "बरं केलं. त्यायच्या मनातलंच केलं."

आता तुला ते सांगतो जे तू गेल्यानंतरचं आहे. २००४ पासूनची ती दोन-चार वर्षं आठव. आपल्या जिल्ह्यातून रोज एक बातमी यायची, कोण्या शेतकऱ्यानं जीव दिल्याची. २००६ साली पंतप्रधान स्वतः विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांचं पॅकेज जाहीर झालं, पण घरोघरच्या बायांच्या पोटातला गोळा काही गेला नाही. आमच्याच गल्लीतला एक जण सकाळी वावरात गेला तो परत आला नाही. तेव्हापासून बाबांना यायला जरा उशीर झाला की आई दारात उभी राहायची. बोलायची काही नाही. मला कंदील देऊन म्हणायची, "जाय बरं, धुऱ्यापर्यंत पाहून ये, कवड्या सुटला अशीन." कवड्या कशाचा सुटतो! बैल बाबांच्या हाताशी असायचे. मला कशाला पाठवते हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

आपल्यावरही कर्ज होतं. दोन वर्षं पावसानं दगा दिला होता, सोसायटीचं थकलं होतं. बाबांच्या मनात काय चाललं असेल ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पण एक केलं. बाबा हळू बोलणारे, बैलांनाही कधी मोठ्यानं हाकललं नाही. तो माणूस त्या दिवसांत नाल्याच्या उतारावर बैलबंडी आली की हाळी देऊ लागला. "चाल रे कवड्या, घर आलं!" अशी की अर्ध्या गावाला ऐकू जावी. ती ऐकली की आई दारातून आत वळायची आणि पाय धुवायला गंगाळात पाणी ओतायची. दोघांनी यावर एकमेकांशी कधी चकार शब्द काढला नसेल. पुढे कर्जमाफी झाली, दिवस बरे आले, बंडी जाऊन मळ्याच्या रस्त्यानं मोटारसायकली धावू लागल्या, तरी नाल्यावरची ती हाळी शेवटपर्यंत चालू राहिली. बैल विकले त्यानंतर सुद्धा. मग ते नुसतंच "घर आलं!" म्हणत यायचे.

आईला लकवा मारला त्याला बरीच वर्षं झाली. उजवा हात गेला तो गेलाच. बाकी सगळं कोणीही केलं असतं, पण वेणीचं काम त्यांनी दुसऱ्याला करू दिलं नाही. पोळ्याच्या आधी ते अंबाडीचे दोर, कासरे, म्होरक्या स्वतः वळत, ते तू पाहिलं आहेस. तीच राठ बोटं. ताई माहेरी आली तेव्हा तिच्यापाशी बसून शिकून घेतलं. रोज सकाळी ओसरीवर आई पुढे, ते मागे पाटावर. आधी खोबरेल तळहातावर चोळून ऊन करायचं, मग फणी, मग तीन पेड. बोटांच्या भेगांत केस अडकले की थांबून एकेक सोडवत. आई म्हणायची, "ढिली झाली." ते मुकाट्यानं उकलून पुन्हा घालत. रस्त्यानं जाणारे पोट्टे पाहून हसत, काही म्हातारे सुद्धा म्हणत की आत बसून कर. ते ओसरीवरून हलले नाहीत. खांदेशेकणीच्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकताना, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या" म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे असायचं, ते मी वेणी घालतानाही पाहिलं आहे.

बाहेरच्यांसाठीही त्यांचा जीव असाच तुटायचा. २०१७ च्या पावसाळ्यात फवारणीची विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली. त्या हंगामात आमच्याकडे फवारायला एक पोरगा यायचा, नुकती मिसरूड फुटलेला. वारं उलटं फिरलं तशी बाबांनी त्याच्या पाठीवरचा पंप उतरवला, पूर्ण दिवसाची मजुरी हातावर ठेवली आणि त्याला घरी पाठवलं. त्या वर्षी बोंडअळीनं तसंही पीक खाल्लं, पण ते आधी कोणाला ठाऊक होतं? तो पोरगा आता दोन लेकरांचा बाप आहे. तेरवीच्या पंगतीत पहिल्या वाढप्यापासून शेवटच्या खरकट्यापर्यंत तोच होता.

शेवटचं काही लांबलं नाही. कापसाचा दुसरा वेचा चालू होता. दुपारी छातीत कळ आली, गाडी मिळून यवतमाळला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याबद्दल आणखी लिहवत नाही.

आता कामाचं. दादा आणि मी मिळून वावर करणार आहोत. तूर उभी आहे, तिसरा वेचा बाकी आहे. आईला इथून हलवायचं नाही असं ठरलंय. वेणी सध्या माझी बायको घालते, आई काही बोलत नाही, ढिली झाली असंही म्हणत नाही.

आणि एक काम तुझ्याकडे आहे. दहावीच्या त्या हिवाळ्यात मला टायफॉइड झाला होता आणि माझ्या जागी तू बाबांबरोबर कापसाच्या बंडीवर गेला होतास. कापूस सरकारलाच विकायचा, त्या एकाधिकार खरेदीचे दिवस होते, संकलन केंद्रावर बंड्यांची रांग फाट्यापर्यंत यायची. एरवी बाबा शेजारच्या बंडीवाल्याला राखण सांगून रात्री पायी घरी येत आणि पहाटे परत जात. त्या खेपेला आले नाहीत, "लोकाचं लेकरू संगं आहे, त्याले एकटं कसं टाकू" म्हणून. काटा होईपर्यंत तुम्ही दोघं तिथेच बंडीखाली झोपलात. बाबा बाहेर राहिले त्या रात्री आमच्या कोणाच्याच माहितीतल्या नाहीत. ते काय बोलले, काय जेवले, झोपले की जागेच राहिले, जे आठवेल ते लिही. आई काल त्याच रात्रींचं विचारत होती. मी म्हटलं, त्याला विचारून सांगतो. लवकर लिही. मी तिला वाचून दाखवीन.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना सोबती