सूचना : झेब्रा ऑब्लिक्विडेन्सच्या पिल्लांची अदलाबदल

सभासदहो,
युगांडातल्या क्योगा सरोवर परिसरातल्या या सिक्लिड कुळातल्या माशाची पिल्ले येत्या रविवारी सकाळी 10 वाजता नेहमीच्या सभागृहात वाटायची आहेत. 1950 च्या दशकात तिथे सोडलेल्या नाइल पर्च या मोठ्या शिकारी माशाने स्थानिक सिक्लिडांचा फडशा पाडला. त्यामुळे आपल्या टाक्यांतला वंश शुद्ध राहिलाच पाहिजे.

- मादी दुसऱ्या हॅप्लोक्रोमिस (याच्या जवळच्या नात्यातल्या सिक्लिड) जातींच्या नरांसोबत राहिली असेल तर तिची पिल्ले आणू नका. संकर सहज होतो, लहानपणी ओळखूही येत नाही. नुसती शंका असली तरी नकोच.
- पिल्ले किमान 2 सेंमी हवीत. मादी त्यांना तोंडात साधारण 3 आठवडे सांभाळते. घाईने बाहेर काढलेली, बलक न संपलेली पिल्ले बहुधा दगावतात.
- आदल्या दिवशी खाणे बंद, नाहीतर पिशवीत अमोनिया वाढतो.
- पिशवीवर मूळ साठा (वंश कुठून आला) आणि पिढी लिहा.