आर्चविकीवरच्या एका संपादकास, उघड पत्र

सप्रेम नमस्कार,

आर्चविकीवर (आर्च लिनक्सची मदतपानं, वाचणारेच लिहितात-सुधारतात अशी) पानाच्या बदलांच्या इतिहासात तुमचं टोपणनाव तेवढं दिसतं. बाई की बुवा, तेही ठाऊक नाही. मराठीत ‘तुम्ही’ची सोय आहे म्हणून निभावलं. तुम्हाला मराठी येत नसणार. तरी मराठीतच लिहितोय, कारण सगळं सुरू झालं ते मराठीवरूनच.

जुन्या लॅपटॉपवर आर्च लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, मराठी टाइप करण्यासाठी आयबस आणि एम१७एन हे प्रोग्राम बसवले. फायरफॉक्समध्ये अक्षरं उमटायची, केट या मजकूर लिहायच्या प्रोग्राममध्ये नाही. विकीवर वाचून क्यूटीसाठीची (केट ज्यावर बांधलंय ती चौकट) एक ओळ ‘एन्व्हायर्नमेंट’ नावाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये घातली, तरी काही नाही. दोन संध्याकाळी डोकं फोडलं. तिसऱ्या दिवशी वीज गेली, बॅटरी केव्हाच मेलेली, लॅपटॉप धाडकन बंद. पुन्हा चालू केला तर केटमध्ये मराठी सुरू!

मग काय, अंगात आलं. रात्रीच बसून अख्खं पान उलटंपालटं केलं. ‘मशीन रीस्टार्ट कराच’ असं ठळक अक्षरांत टाकलं, शिवाय इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत शिफ्ट धरून ‘J’ची कळ दाबली की ‘ऱ’ येतो आणि त्याशिवाय डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या कसा होतो, यावर एक परिच्छेद. बदलाचा सारांश कोराच ठेवला. सकाळी पाहतो तर सगळं पूर्ववत.

खरं सांगतो, तुमचा राग आला होता. पण तुम्ही नुसतं उडवलं नव्हतं, कारणही दिलं होतं: एका वेळी एकच बदल करा, सारांश लिहा, मोठी फेररचना करायची तर आधी चर्चापानावर बोला. हे तिन्ही नियम विकीवर आधीपासून लिहिलेले होते, मीच वाचले नव्हते. चर्चापानावर तुम्ही एकच प्रश्न विचारलात: रीस्टार्ट लागतो, की लॉग आउट करून पुन्हा लॉग इन केलं तरी पुरतं?

करून पाहिलं. पुरतं. ती फाइल लॉग इन होताना वाचली जाते, एवढाच मामला होता. म्हणजे माझं ठळक वाक्य राहिलं असतं तर वाचणारे उगाच मशीन बंद-चालू करत बसले असते, आणि त्यात नुसते आर्चवालेच नाहीत. उबुंटू, फेडोरा अशी दुसरी लिनक्स वापरणारेही अडलं की तिथंच येतात. ‘ऱ’चा परिच्छेद सगळ्या भाषांसाठीच्या पानात बसत नाही, हेही तुमचं बरोबर. (जिवावर आलं, पण बरोबर.)

शेवटी माझं एक वाक्य पानात राहिलं. त्यातलं क्रियापदही तुम्हीच दुरुस्त केलंत. माझा तो रात्रीचा पराक्रम अजून इतिहासात आहे. कधीकधी उघडून हसतो. तुम्ही मला परत पाठवलंत आणि परत येऊही दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

तुमचा,
एक वाक्यवाला

ता. क. हे पत्र केटमध्ये लिहिलंय. सगळे ‘ऱ’ नीट उमटलेत.