यंदा गणेशचवथीचा फोटो तू काढ

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल आजीला दाखवून आणले. हृदय थकले आहे, गोळ्या बदलल्या. पायऱ्या नकोत, फार वेळ उभे राहणे नको. परतताना तिने एवढेच विचारले, "चवथीच्या फोटोत तू सदा कॅमेऱ्यामागे. माझ्याजवळ कधी बसणार?" म्हणून यंदा कॅमेरा तुझ्या हाती.

माटोळीखाली, म्हणजे देवावर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली, फोटो नको. देवाकडे पाठ करायला कोणी तयार होणार नाही, आणि तिथे ट्यूबचा पांढरा, समईचा पिवळा व दारातला निळसर असे तीन उजेड एकाच चेहऱ्यावर पडतात. ते नंतर संगणकावरही धड सुटत नाहीत. फ्लॅश वर मारलास तर कौले बराचसा उजेड गिळतात आणि उरलेला तांबूस करून खाली पाठवतात. त्यापेक्षा सगळ्यांना ओसरीवर, मधल्या उघड्या राजांगणाकडे तोंड करून बसव. पावळीपासून, छपराच्या पाणी गळणाऱ्या कडेपासून, हातभर आत. अगदी कडेला आले की वरच्या उजेडाने डोळ्यांखाली काळे पडते. घरातले दिवे बंद. तिपाई समोरच्या ओसरीवर, तुळशीच्या डावीकडे लाव, म्हणजे वृंदावन आड येणार नाही आणि सर आली तरी काम थांबणार नाही.

यशू म्हणेल, कुळागरात, पोफळीच्या बागेत जाऊया. जाऊ नका. पावसाळ्यात तिथला हिरवा रंग हनुवटीखाली चढतो. शिवाय ती पायऱ्यांची पाखाडी आजीला झेपणार नाही.

तिला सर्वांत शेवटी बोलाव. तिच्या खुर्चीवर आधी सुलूआत्याला बसवून सगळी मांडणी कर, उजेड तपास, दोन फोटो काढून पाहा, मग आजीला आण. खुर्ची बिनहातांची घे. हातांच्या खुर्चीमुळे शेजारचा माणूस वीतभर लांब जातो आणि फोटोत फट दिसते. पाठीला तक्क्या दे.

भिंतीवरचा जुना फोटो आठव. सगळे एका रेषेत, हात गुडघ्यांवर, आणि नवी नवरी म्हणून आजी अगदी टोकाला, अर्धा खांदा चौकटीबाहेर. कपाळावरचे कुंकू तेवढे ठळक आले आहे. किती दिवस मला वाटते, ती मधोमध असलेला एक चांगला फोटो हवा.

तर, दोन शेजाऱ्यांची डोकी एका उंचीवर येऊ देऊ नकोस. कोणी खुर्चीवर, कोणी पाटावर, कोणी उभे; तीन-तीन डोक्यांचे त्रिकोण जुळले की रांग मोडते. उभे राहणाऱ्यांनी अंग थोडे आजीकडे वळवावे, वजन मागच्या पायावर, खांदे एकमेकांच्या किंचित मागे. हात मोकळे ठेवलेस की ते ताठ होतात. बाबलकाकांच्या मांडीवर छोटीला दे, काकीचा हात आजीच्या खांद्यावर. पांढरा सदरा टोकाला नको, नजर तिकडे ओढली जाते. चष्म्याच्या काड्या कानावर जरा उचलायला सांग, भिंगातली चमक जाते. पोरांना सगळ्यांत शेवटी उभी कर, अगदी आजीच्या आधी.

पंधरा माणसे म्हणजे तीन रांगा. 50 मिमीची लेन्स, पाच-सहा मीटर अंतर. रुंद लेन्सने जवळून घेतलेस तर टोकाची माणसे फुगतात. लेन्सचे छिद्र एफ 8, शटर 1/125 सेकंदाच्या खाली नको, आयएसओ लागेल तेवढा वाढव. फोकस मधल्या रांगेतल्या डोळ्यांवर. डोळे मिटण्याचा हिशोब ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या विज्ञानसंस्थेच्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी मांडला होता, त्यांना 2006 चे इग नोबेल, आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे बक्षीस, मिळाले: विसाच्या आतली माणसे असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येचा तिसरा भाग, कमी उजेडात निम्मे, एवढे फोटो काढावेत. आपल्याला पाच, ढग दाटले तर आठ. त्यापुढे थांब. आजीला धाप लागेपर्यंत ताणू नकोस.

'हसा' म्हणू नकोस. सगळ्यांना डोळे मिटायला सांग, तीनला उघडायला. मग आजीला विचार, यंदा नेवऱ्या कोणी बिघडवल्या? ती उत्तर देईल, सगळे तिच्याकडे पाहतील. बोलणे संपून हसू ओसरत असते तो क्षण धर.

पाहा, किती उपदेश झाला. तुझी कामे मी पाहिली आहेत. माणसे तुझ्यासमोर अवघडत नाहीत, ते शिकवून येत नाही. रागावू नकोस. आजीचे असे कळल्यापासून मन एका जागी राहत नाही. पुढच्या चवथीचे कोणी बोलले तरी मी उठून जातो.

वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी, आरती झाल्यावर, उत्तरपूजेच्या आधी. जेवणानंतर सगळे पेंगतात आणि आजीला पडावे लागते. पंधरांत तूही आहेस, विसरू नकोस. कडेला एक जागा मोकळी ठेव, टायमर 10 सेकंदांवर, एका दाबात जितके फोटो निघतील तितके लाव. ओसरीची पायरी ओली असते, धावू नकोस.

येताना तिपाईची प्लेट आठवणीने आण, इथली झिजली आहे. आणि पोचल्यावर आधी आजीकडे जा; प्रकृतीचे मात्र तिच्यासमोर काही विचारू नकोस.

तुझे,
बाबा