आधी मोजणी, मग आखणी: बाजारपेठ सावरणाऱ्या नगरपरिषदेच्या माणसांना

प्रति,
उपजीविका कक्षातल्या समुदाय संघटक ताई, बाजार विभागातले लिपिक आणि बांधकाम विभागातले कनिष्ठ अभियंता यांना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुख्य बाजारपेठेतले पथविक्रेते आणि दुकानदार मिळून लिहीत आहोत. या दोघांच्या सह्या एका कागदावर येणं सोपं नव्हतं. हातगाडीमुळे दुकान झाकतं असं दुकानदाराला वाटायचं, आणि अतिक्रमण पथकाला फोन दुकानातूनच जातो असं गाडीवाल्याला. तुम्ही दोघांना एका नकाशावर आणलंत, त्याचे हे आभार. तुम्ही काय केलंत ते कामवार लिहून ठेवतो आहोत, कारण पुष्कळ गावांत हीच कामं उलट्या क्रमाने होतात आणि तिथेच फसतात.

पहिलं काम मोजणीचं. पथविक्रेत्यांचा कायदा 2014 चा. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं वाटली जाईपर्यंत कोणालाही उठवता येत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. तरी अनेक ठिकाणी आधी रस्ता 'मोकळा' होतो आणि मग उरलेल्यांची यादी बनते. तुम्ही बाजार जसा भरत होता तसाच ठेवून मोजलात, आणि एकाच दिवशी तीन वेळा मोजलात. पहाटेची फुलं आणि पालेभाजी नऊला उठते, वडापाव आणि भेळेच्या गाड्या चारनंतर लागतात. दुपारी बाराला फेरी मारणाऱ्याला यातलं कोणीच दिसत नाही, आणि यादीबाहेर राहिलेला माणूस पुढे कर्जालाही मुकतो, जागेलाही. आठवडे बाजाराच्या दिवसाची यादी वेगळी ठेवलीत. रसवंती, आंबेवाले, पणत्या आणि आकाशकंदील विकणारे यांच्यासाठी हंगामी नोंदीचा रकाना काढलात.

ताई, एका गोष्टीबद्दल तुमचे खास आभार. गाडी नवऱ्याच्या नावावर आणि दिवसभर बसते बायको, असं अर्ध्या बाजारात असतं. तुम्ही प्रत्यक्ष बसणाऱ्या बाईचं नाव घेतलंत आणि फोटोही माल, जागा आणि ती अशा तिन्ही गोष्टी एका चौकटीत येतील असा काढलात. ज्याच्या नावाचं प्रमाणपत्र त्याने किंवा त्याच्या घरच्याने धंदा करायचा, ते भाड्याने द्यायचं नाही, ही कायद्याची अट आहे. नवऱ्याच्या नावावर बायको बसली तर चालतं, पण नाव घराबाहेरच्या कोणाचं लागलं की पहिल्याच तपासणीत खरी विक्रेती 'पोटभाडेकरू' ठरते.

संख्येवरून गावात बरीच कुजबुज झाली होती. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत पथविक्रेते सामावून घ्यावेत असं कायदा सांगतो. पन्नास हजार वस्तीच्या गावाला हा आकडा 1,250 होतो. हा हिशेब तुम्ही फळ्यावर लिहून दाखवलात आणि कुजबुज थांबली. नगर पथविक्रेता समितीवर किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश महिला. ही निवडणूक न होताच समिती नेमली जाते, अशी तक्रार अनेक शहरांतून ऐकू येते. तुम्ही ती घेतलीत. बैठकीची विषयपत्रिका मराठीत छापून आठ दिवस आधी बाजारात चिकटवलीत. कोणता विषय येणार हे कळल्याशिवाय निवडून आलेली बाई बैठकीत बोलणार तरी काय?

आता आखणी. कागदावर चौकोन काढणं सोपं असतं. तुम्ही आधी चुन्याच्या फक्कीने रेषा मारल्यात आणि दोन आठवडे बाजार त्या रेषांवर भरवून पाहिलेत. त्यातून कळलं की पाच बाय चार फुटांची जागा भाजीला पुरते, पण कपड्यांच्या स्टँडला पुरत नाही. बोळाच्या तोंडाशी ठेवलेली जागा तिथून सायकल आली की रोज अडणार होती. दुकानाच्या दारासमोर गाडी नको, दर सात-आठ गाड्यांनंतर तीन फुटांची वाट हवी, आणि मधून अग्निशमन गाडी जाईल एवढा साडेतीन-चार मीटरचा पट्टा कायम रिकामा हवा. हे सगळं फक्कीवर ठरलं आणि मग पक्का थर्मोप्लास्टिक रंग आला. साधा ऑइलपेंट एका पावसाळ्यात पुसतो, आणि रेषा पुसली की भांडण परत सुरू होतं.

जागावाटपात सरसकट चिठ्ठ्या टाकल्या असत्यात तर बोंबलाशेजारी बांगड्या आल्या असत्या. तुम्ही आधी मालाप्रमाणे गट पाडलेत: भाजी, फळं, कटलरी, कपडे, खाद्यपदार्थ, मासळी. चिठ्ठ्या टाकल्यात त्या प्रत्येक गटाच्या आत. गिऱ्हाईक 'भाजी गल्लीत' जातं; गल्ली जागेवर असली की तो आपला भाजीवाला शोधून काढतो. दुकानदारांसाठी नियम झाला की गाडीवरच्या मालाची उंची चार फुटांच्या आत राहील आणि ताडपत्री दुकानाच्या शटरला बांधायची नाही, सात फूट दांड्याची छत्री लावायची. एवढ्याने पाट्या दिसू लागल्या. दुकानदारांची तक्रार मुळात पाटीपुरतीच होती, हे त्यांनी स्वतःच समितीत सांगितलं.

सगळ्यांना नव्या मंडईच्या पहिल्या मजल्यावर हलवावं, अशी सूचना आली तेव्हा तुम्ही तिला ठाम विरोध केलात. भाजी घ्यायला जिना कोणी चढत नाही. वरच्या मजल्यावरचे ओटे रिकामे आणि त्याच इमारतीच्या दारात रस्त्यावर विक्रेते, हे चित्र महाराष्ट्रातल्या किती मंडयांत दिसतं! शिवाय जिथे बाजार आपोआप भरत आला आहे ती जागा नैसर्गिक बाजार म्हणून कायद्याने जपायची आहे; ती ना-फेरीवाला क्षेत्र म्हणून जाहीर करता येत नाही. पन्नास वर्षांहून जुना असा बाजार तर वारसा बाजार धरायचा आहे. ही कलमं नोंदीत घातलीत, म्हणून बाजार जागेवरच ठेवण्याचा ठराव टिकला.

अभियंता साहेब, रस्त्याच्या कामाबद्दल तुमचे आभार मानताना थोडं जास्त लिहिणार आहोत, कारण बाजारपेठ सुधारताना दुकानं बुडतात ती इथेच. सहा महिने खोदलेला रस्ता छोट्या दुकानाला झेपत नाही. तुम्ही रस्त्याची अर्धीच रुंदी घेतलीत, तीही पन्नास-साठ मीटरच्या तुकड्यांत, आणि पुढचा तुकडा मागचा उघडल्याशिवाय हाती घेतला नाहीत. गणपती ते दिवाळी फावडं लागलं नाही. प्रत्येक दुकानासमोर फळ्यांची वाट होती. काँक्रीटवर गोणपाट टाकून चौदा दिवस पाणी मारलं गेलं आणि जड वाहनं 28 दिवसांनंतरच सोडली गेली. घाई करा म्हणून आमच्यातलेच काही जण मागे लागले होते. तेव्हा तुम्ही ऐकलं नाहीत ते बरं केलंत. कोवळ्या काँक्रीटवरून मालाचा ट्रक गेला की पडलेली भेग पुढे कधीच बुजत नाही.

जमिनीखालचं काम आधी उरकलंत, हे सगळ्यांत मोलाचं. जुन्या गंजलेल्या नळजोडण्या बदलल्या, मग गटार, मग वीज, आणि ठरावीक अंतरावर रस्त्याखालून दोन-दोन रिकामे पाइप आडवे टाकून ठेवलेत. उद्या इंटरनेटवाला आला तरी त्याला नवा रस्ता फोडावा लागणार नाही. आणि जुना थर खरवडून काढलात. बहुतेक गावांत जुन्या डांबरावर नवा थर चढत जातो, रस्ता उंबऱ्याच्या वर जातो आणि पहिल्याच पावसात पाणी दुकानात शिरतं. आपल्याकडे रस्ता उंबऱ्यापेक्षा सहा इंच खाली राहील अशी पातळी दोरी लावून तपासली गेली.

पेव्हर ब्लॉकचंही तेच. जिथे फक्त माणसं चालतात तिथे 60 मिलिमीटरचे, जिथे टेम्पो चढणार तिथे 80 मिलिमीटरचे. ब्लॉक खचतात तेव्हा दोष ब्लॉकला दिला जातो. खरा दोष खालच्या चरीचा असतो, ती थराथराने दाबलेली नसते. दुसरं कारण वाळू. तीस-चाळीस मिलिमीटरची गादी पुरे असते. उंचसखल झाकायला जाड वाळू ओतली की पावसात ती वाहून जाते. कडेला पक्का कठडा नसेल तर ब्लॉक बाजूला सरकतात आणि सांधे उघडे पडतात. या तिन्ही गोष्टी तुम्ही ठेकेदाराकडून उभं राहून करून घेतल्यात. मासळी गटात गुळगुळीत फरशीऐवजी खडबडीत फरशी घातलीत आणि गटाराकडे चाळीसाला एक असा उतार ठेवलात, म्हणून तिथे पाणी साचत नाही आणि पाय घसरत नाही.

विजेचं थोडक्यात. पूर्वी दुकानातून वायर ओढून दिव्यामागे रोजचे पैसे द्यावे लागत. आता खांबावर नगरपरिषदेची पेटी आहे, प्रत्येक जागेला एक एलईडी, आणि पेटीत 30 मिलीअँपिअरचा गळतीरोधक ब्रेकर, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा. ओल्या बाजारात हा ब्रेकर जीव वाचवतो. त्याचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं, हे तुम्ही आम्हाला शिकवलंत आणि ते आम्ही पाळतो.

आता पैशाचं. पथविक्रेत्यांना कर्ज देणारी केंद्राची पीएम स्वनिधी योजना जून 2020 मध्ये सुरू झाली. आधी पहिलं कर्ज दहा हजारांचं होतं. आता 15,000, मग 25,000, मग 50,000 असे टप्पे आहेत आणि योजना मार्च 2030 पर्यंत आहे. तारण लागत नाही, वेळेवर फेडलं तर व्याजात सात टक्के अनुदान मिळतं. हे सगळं फलकावर सगळीकडेच लिहिलेलं असतं. अर्ज अडतो कुठे, हे तुम्ही शोधलंत. बहुतेकांचा आधारशी जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला असतो आणि ओटीपी भलत्याच सिमवर जातो. म्हणून शिबिरात पहिलं टेबल नंबर दुरुस्तीचं, दुसरं नावातला फरक तपासण्याचं, आणि अर्जाचं टेबल तिसरं. यादीत नाव नसलेल्यांना शिफारसपत्र पंधरा दिवसांत द्यायचं असतं. लिपिक साहेब, तुम्ही त्याची तारीखवार वही ठेवलीत. बँकेतून परत आलेल्या अर्जांची वही वेगळी, प्रत्येकापुढे कारण, आणि आठवड्यातून एक ठरलेला दिवस बँकेत बसून ती कारणं सोडवायची. 'अर्जदार संपर्कात नाही' या शेऱ्याखाली किती कर्जं मरतात ते त्या वहीत दिसतं. माणूस बाजारात गाडीवर असतो आणि फोन घरी असतो, एवढंच कारण.

हप्त्याचा हिशेब तुम्ही सोपा केलात. पंधरा हजारांवर बारा टक्के व्याज धरलं तर बारा महिन्यांचा हप्ता साधारण 1,333 रुपये. रोज कमावणाऱ्याच्या खात्यात महिन्याच्या ठरल्या तारखेला एवढी रक्कम नसते, हप्ता चुकतो, दंड लागतो आणि दुसऱ्या टप्प्याचं दार बंद होतं. म्हणून आठवडे बाजाराच्या संध्याकाळी 310 रुपये खात्यात टाकायची सवय तुम्ही लावलीत. सावकाराचा हिशेबही फळ्यावर मांडलात: हातात नऊ हजार, रोज शंभर, शंभर दिवस. वरवर हे दहा टक्के वाटतात, पण मुद्दल रोज फिटत जातं, त्यामुळे वर्षाच्या हिशेबात दर 75 टक्क्यांच्या पुढे जातो. तो फळा पाहून अनेकांनी बँकेचा फॉर्म हातात घेतला. त्याच शिबिरात वर्षाला वीस रुपयांचा अपघात विमा आणि 436 रुपयांचा जीवन विमा उतरवलात, आणि मे महिन्याच्या अखेरीस खात्यात तेवढी शिल्लक ठेवा म्हणून दरवर्षी आठवण करता. शिल्लक नसली की विमा गुपचूप बंद पडतो आणि घरच्यांना ते फार उशिरा कळतं.

बाजार फीच्या दरांचा फलक चारही टोकांना लागला आणि अनुक्रमांक असलेली छापील पावती मिळू लागली. पावतीशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हे तुम्हीच ध्वनिक्षेपकावरून सांगितलंत. पथकाने माल उचललाच तर जागेवर यादी द्यायची, नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामकाजी दिवसांत परत करायचा, हे कलमही त्या फलकावर आहे. भाजीवालीला दंडाचं फारसं वाटत नाही. तिसऱ्या दिवशी परत मिळालेल्या कुजक्या मेथीने ती खचते.

पुढच्या बैठकीसाठी तीन विषय सोबत जोडत आहोत. महिला विक्रेत्यांसाठीचं स्वच्छतागृह बाजाराच्या पूर्व टोकाला हवं. आत्ताचं फार लांब आहे आणि गाडी सोडून जाता येत नाही, म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. गटाराच्या जाळ्या मे महिन्यातच उघडून गाळ काढावा. त्या दिवशी मासळी आणि भाजीचे गट दुपारपर्यंत जागा रिकामी करून देतील. आणि सर्वेक्षण दर पाच वर्षांनी करायचं असतं, तेव्हा पुढच्या मोजणीची तारीख आत्ताच ठरावात घ्यावी. पहाटेच्या फेरीसाठी आमचे सहा जण पाच वाजता चौकात हजर राहतील.

आपले,
मुख्य बाजारपेठेतले पथविक्रेते आणि दुकानदार