ओकचं जंगल वाचवायला आगच लावावी लागते

संपादक साहेब, नमस्कार.

अमेरिकेतल्या वणव्यांच्या बातम्या आपल्या पेपरात येतात, फोटोही जबरदस्त असतात, पण त्या वाचून कुणालाही वाटेल की जंगलात आग म्हणजे निव्वळ नुकसान. ओकच्या जंगलांचं नेमकं उलटं झालंय, तिथं शंभरएक वर्षं दिसेल ती आग विझवत सुटले म्हणून जंगलाची वाट लागली.

1910 साली आयडाहो-मोंटानाकडे दोन दिवसांत साधारण 30 लाख एकर जळालं आणि सरकारने आगीचा धसकाच घेतला. 1935 मध्ये तिथल्या वनखात्याने नियम काढला, आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी 10 च्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. ऐकायला बरं वाटतं, पण ओकला ऊन लागतं हो! आग थांबली तसे अमेरिकेच्या पूर्वेकडे सावलीतही वाढणारे मेपल माजले, पश्चिमेला ऑरेगॉन आणि उत्तर कॅलिफोर्नियात डग्लस फर नावाचे उंच सूचिपर्णी वृक्ष ओकच्या डोक्यावरून वर गेले, आणि खाली सावलीत जुने ओक वाळत गेले.

गंमत अशी की ओक स्वतःच आगीची सोय करून ठेवतो. त्याचं पान वाळलं की कडा वळतात, थरात हवा खेळते, त्यामुळे काडी लावली की पाचोळा भुरुभुरु पेटतो. मेपलची पानं चपटी, एकावर एक चिकटून ओली राहतात, आग धुमसते आणि विझते. म्हणजे एकदा मेपल शिरला की पुढची आग लावणंही अवघड. ओकचं रोप वर वीतभर दिसलं तरी सगळा जीव मुळात असतो, वरचं जळालं तरी मातीखालच्या डोळ्यातून परत फुटतं. मेपलच्या रोपाला हे तितकंसं जमत नाही.

उत्तर कॅलिफोर्नियातल्या करुक आणि युरोक या मूळ रहिवासी लोकांना हे आधीपासून माहीत होतं. ते ओकखाली हलकी आग फिरवायचे, खाली पडलेली किडकी फळं त्यातल्या अळ्यांसकट जळायची, पुढचं पीक गोळा करायला जमीन मोकळी व्हायची. आणि 1850 च्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याने गवत पेटवणंच गुन्हा ठरवलं, म्हणजे ज्यांना कळत होतं त्यांचेच हात बांधले. कमाल आहे.

आता कुणी म्हणेल न्यू मेक्सिकोत 2022 ला काय झालं ते विसरलात का. नाही विसरलो. वनखात्याने स्वतः लावलेली आग सुटली, आणि दुसरीकडे जानेवारीत जाळलेले लाकडाचे ढीग आतून धुमसत राहून एप्रिलच्या वाऱ्यात भडकले, दोन्ही मिळून 3.41 लाख एकर, शेकडो घरं गेली. ज्यांची घरं गेली त्यांचा राग रास्तच आहे. पण त्यातून शिकायचं ते हे की जाळरेषा (आग पुढे जाऊ नये म्हणून साफ केलेला पट्टा) आधी नीट मारा, वारा आणि हवेतला ओलावा बघा, राख हाताला गार लागेपर्यंत जागा सोडू नका. आग लावणंच बंद करून फर काही थांबणार नाहीत. उलट ते एकदा मोठे झाले की हलक्या आगीला दाद देत नाहीत, मग आधी करवत चालवावी लागते, आणि तो खर्च वेगळाच.

तर विनंती एवढीच, किती एकर जळालं हे छापताना त्यातलं किती मुद्दाम, ठरवून जाळलेलं होतं तेही वेगळं सांगत जा.

आपला,
एक नियमित वाचक