अर्धं तिकीट मिळालं, आता गाडी पाठवा

प्रति,
माननीय परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याच्या सहासात महिने आधी पंचाहत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्यांचा प्रवास फुकट झाला होता. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाने मोफत पास आहेच, तो तर किती वर्षांपासून आहे. या तिन्हीबद्दल आभार मानून पत्र सुरू करतो. टोमणा मारत नाही. अर्धं तिकीट झालं त्या पहिल्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या बायका माहेरी गेल्या, तुळजापूर-अक्कलकोट करून आल्या, दवाखान्याचं काम महिनोन्‌महिने पुढे ढकलायच्या त्या वेळेवर जाऊन आल्या. नवऱ्याकडे हात न पसरता जाता येतं, ही गोष्ट खेड्यात लहान नाही.

मी मराठवाड्यात कर्नाटकाच्या हद्दीजवळ एका फाट्यावर किराणा दुकान चालवतो. एसटीचा थांबा दुकानासमोर आहे. त्यामुळे कोण कुठे चाललं, कोण परत आलं नाही, हे मला न विचारता कळतं. अलीकडे जास्त दिसतं ते असं, की पोरी दप्तर घेऊन उभ्या आहेत आणि गाडी येत नाही.

साहेब, सवलत गाडीत बसल्यावर मिळते. गाडीच आली नाही तर तालुक्याला जायला जीप. जीपवाला माणशी चाळीस रुपये घेतो. त्याच्याकडे अर्धं तिकीट नाही, पास नाही, पंचाहत्तरीचं आधार कार्ड दाखवलं तर तो हसतो. एक मुलगी रोज जाऊन-येऊन ऐंशी रुपये. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर दोन हजार. लाडक्या बहिणीचे दीड हजार आईच्या खात्यात येतात, ते सगळे जीपमध्ये गेले तरी पाचशे कमी पडतात. जुलै २०२४ मध्ये सरकारने आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. चांगलं केलं. पण तिथपर्यंत पोचायला आधी अकरावी-बारावी व्हावी लागते, आणि आमच्याकडे अकरावीला तालुका गाठावा लागतो.

जीपवाल्याबद्दल माझी तक्रार नाही. तो इथलाच पोरगा आहे, गाडीवर कर्ज आहे, हप्ता फेडतो. बेकायदा टप्पा वाहतूक म्हणून त्याला मधूनमधून दंड होतो, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उभा असतो, कारण त्याच्याशिवाय फाट्यावर दुसरं काही उभं नसतं. फक्त जीप भरल्याशिवाय निघत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी ती दहा मिनिटांत भरते, परीक्षेच्या दिवशी भरेलच असं नाही.

आता गाडी का येत नाही ते सांगतो. मी काही एसटीचा अभ्यासक नाही, पण वाहक-चालक चहाला थांबतात, त्यांच्याकडून कळतं. सकाळी डेपोत हिशेब होतो. एखादी गाडी टायरसाठी उभी असते, एखादीचा सुटा भाग आलेला नसतो, दोन चालक रजेवर, एक काल डबल ड्युटी करून आलेला. मग कुठली तरी फेरी रद्द करणं भाग असतं. पुण्याची रद्द केली तर आरक्षणवाले भांडतात, व्हिडिओ काढतात, पैसे परत मागतात. शिवाय त्या गाडीला उत्पन्न आहे. आमची रद्द केली तर कोण भांडणार, नववीच्या पोरी? आणि आमच्या गाडीत रोकड तरी किती पडते. निम्म्या जागांवर पासवाली मुलं, बाकीच्यांत अर्ध्या तिकिटाच्या बायका, पुढच्या बाकावर फुकटचे म्हातारे. मशीनमधून तिकिटं भराभर निघतात आणि वाहकाच्या पिशवीत चिल्लर. सवलतीचे पैसे सरकारकडून महामंडळाला मिळायचे असतात, ते मिळतील तेव्हा मिळतील. डिझेल मात्र आज लागतं. डेपो मॅनेजरच्या जागी मी असतो तर मीही तीच फेरी कापली असती.

कापलेल्या फेरीची नोंद होत नाही असंही नाही. ती ‘रद्द किलोमीटर’ म्हणून होते. आमच्या पोरींचा बुडालेला दिवस तिथे छत्तीस किलोमीटर म्हणून लिहिला जातो.

याच मुद्द्यावर मला तुमच्या खात्याशी थोडं भांडायचं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांचं विधान पेपरात वाचलं होतं, की या सवलतींमुळे एसटीला रोज तीन कोटींचा तोटा होतो. ते वाचून मी गिऱ्हाइकाला विचारलं, सवलत कुणी दिली? सरकारने. मग तोटा एसटीचा कसा? माझ्या दुकानात सरपंचाने येऊन सांगितलं की उद्यापासून बायकांना साखर निम्म्या भावात द्या, उरलेले पैसे मी देतो, तर ते उरलेले पैसे सरपंचाकडची उधारी झाली. त्याने ती वेळेत दिली तर माझा धंदा उलट वाढेल, कारण गिऱ्हाईक वाढलंय. नाही दिली तर माझं दुकान बसेल, आणि मग सरपंचाने चावडीवर उभं राहून ‘साखरेमुळे दुकान तोट्यात गेलं’ म्हणायला नको. एसटीचा संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर गेला असं सांगतात. त्यातला किती खरोखरचा धंद्यातला आणि किती सरकारने वेळेवर न दिलेल्या पैशांमुळे साचलेला, हे डेपोच्या भिंतीवर लावा एकदा.

आणखी एक. एसटीच्या तिकिटावर १७.५ टक्के प्रवासी कर आहे. म्हणजे सरकारच कर घेणार, सरकारच सवलतीचे पैसे देणार, आणि मधल्या मध्ये महामंडळ पगाराला हात जोडणार. एप्रिल २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या हातात मार्चचा पगार ५६ टक्केच पडला होता. ज्या माणसाला निम्म्याच्या जरा वर पगार मिळाला, त्याने पहाटे पाचला उठून आमच्या खड्ड्यांतून गाडी वेळेवर आणावी, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

भाडंही वाढलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये १७ टक्क्यांच्या वर, जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के. आम्ही दिलं. हद्दीपलीकडे कर्नाटकात त्याच महिन्यात १५ टक्के वाढलं. तिकडे त्यांच्या बायकांना जून २०२३ पासून तिकीटच नाही, आणि तिकडच्या महामंडळांचीही सरकारकडची थकबाकी हाच रडण्याचा विषय आहे. म्हणजे हा रोग एकट्या महाराष्ट्राचा नाही. पण हद्दीवर राहणाऱ्याला रोज एक गोष्ट दिसते, त्यांची गाडी येते. कधी कोंबलेली, कधी उशिरा, पण येते.

आता मुक्कामी गाडीबद्दल. हा विषय जरा लांबेल, ऐकून घ्या, कारण शहरातल्या लोकांना मुक्कामी गाडी काय असते ते आता सांगावं लागतं. संध्याकाळी तालुक्याहून शेवटची गाडी निघायची, ती रात्री गावात यायची आणि इथेच थांबायची. चालक-वाहक देवळात नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात झोपायचे. कुणाच्या ना कुणाच्या घरून भाकरी-पिठलं जायचं. पहाटे तीच गाडी परत निघायची. या एका गाडीवर गावाचं किती चालायचं याचा हिशेब महामंडळाने कधी मांडला नसेल. कॉलेजची पोरं संध्याकाळचं प्रॅक्टिकल आटपून तिने यायची. बाळंतपणाला निघालेली बाई, कोर्टाची तारीख असलेला शेतकरी, रेल्वे पकडायची असलेला सैन्यातला पोरगा हे पहाटे तिने जायचे. दुधाचे कॅन तिच्यात, मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या तिच्यात. मुळात दारात गाडी उभी आहे म्हटल्यावर रात्री कुणाच्या छातीत दुखलं तरी घरच्यांना धीर असायचा. नियमात ती गाडी दवाखान्याला न्यायची नसेलही. पण माणसं नियम वाचत बसत नाहीत, चालकाला उठवतात.

२०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, महामंडळ राज्य सरकारात विलीन करा या मागणीसाठी. एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कर्मचारी कामावर आले. तालुक्याच्या स्टँडवर गाड्या दिसायला लागल्या, पेपरात ‘लालपरी पुन्हा धावली’ असं छापून आलं. आमची मुक्कामी गाडी तेव्हापासून आलेली नाही. ती बंद केल्याचं पत्र कुणी दिलेलं नाही. ग्रामसभेचा ठराव केला, तालुक्याला दिला, जिल्ह्याला दिला. ‘गाड्यांची उपलब्धता पाहून कार्यवाही करण्यात येईल’ असं उत्तर आलं. गाड्या उपलब्ध नाहीत हे मला मान्य आहे. कोविडच्या आधी महामंडळाकडे अठरा हजारांच्या आसपास गाड्या होत्या, नंतर त्या पंधरा हजारांच्या घरात आल्या, आणि त्यातल्याही अनेकांचं वय झालेलं. ५,१५० इलेक्ट्रिक गाड्यांचा करार झाला, त्या वेळेत आल्या नाहीत. आता स्वतःच्या मालकीच्या नव्या गाड्या येत आहेत, त्यांना हार घालतानाचे फोटो बघितले, बरं वाटलं. पण त्या पहिल्यांदा कुठे जातात बघा. आमच्याकडे नवी गाडी येते ती दहा वर्षं घाटात झिजून झाल्यावर.

मधल्या काळात गावाने आपापला मार्ग काढला. तरण्या पोरांनी हप्त्यावर मोटरसायकली घेतल्या. मुलीला मोटरसायकल कुणी घेऊन देत नाही. बाजारात अंडी-भाजी विकणाऱ्या बायकांनी टोपल्या उचलणं सोडलं, जीपमध्ये टोपलीचेही पैसे लागतात. त्या आता माल माझ्याच दुकानात आणून देतात आणि मी सांगेन तो भाव घेतात. माझा फायदाच आहे म्हणा. तरी लिहितो आहे.

२५ फेब्रुवारी २०२५ ला पुण्यात स्वारगेट स्थानकात उभ्या गाडीत एका तरुणीवर बलात्कार झाला, त्यानंतर मोठ्या बसस्थानकांवर पहारेकरी वाढवायचे, कॅमेरे बसवायचे आदेश निघाले. योग्यच आहे. पण आमच्या फाट्यावर स्थानक नाही, शेड होती तिचे पत्रे वादळात गेले. साडेपाचची गाडी सात वाजेपर्यंत आली नाही की तालुक्याच्या टोकाला नाक्यावर आमच्या पोरी अंधारात उभ्या राहतात. त्यांच्यासाठी सगळ्यात मोठी सुरक्षा म्हणजे साडेपाचची गाडी साडेपाचला येणं. त्याला कॅमेरा लागत नाही.

मोबाईलवर गाडी कुठे आहे ते दिसेल, असंही वाचतो. फाट्यावर रेंज नाही, तरी सोय वाईट नाही. पण रद्द झालेली गाडी नकाशावर कुठे दिसणार? त्यापेक्षा आज कुठल्या फेऱ्या रद्द आहेत हे डेपोने सकाळी सहाला ग्रामपंचायतीला कळवावं. एका मेसेजचं काम आहे. आणि प्रत्येक डेपोच्या रद्द फेऱ्या महिन्याच्या शेवटी गावांच्या नावानिशी जाहीर व्हाव्यात. किलोमीटर नकोत, गावांची नावं हवीत.

एसटीच्या जमिनी विकसित करायच्या, भाडेपट्टा ९८ वर्षांपर्यंत द्यायचा, त्यातून पैसा उभा करायचा असं धोरण आहे. करा. खाली फलाट आणि शौचालय धड ठेवा, वर काय बांधायचं ते बांधा. माझी एवढीच अट आहे, की त्या पैशातला पहिला हिस्सा विद्यार्थ्यांच्या सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्यांना जावा, आणि त्या फेऱ्या रद्द करायचा अधिकार डेपो मॅनेजरकडे राहू नये. त्याला रद्द करायची असेल तर जिल्ह्याच्या विभाग नियंत्रकाची लेखी परवानगी लागावी, कारण लिहून. पुण्याची गाडी मागे राहिली तर त्या प्रवाशाला दुसरी मिळते. सवलतीची रक्कमही महिना सुरू व्हायच्या आधी, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या अंदाजाने, महामंडळाला आगाऊ द्यावी. कमी-जास्त नंतर वळतं करता येतं. किराणा दुकानदार घाऊक व्यापाऱ्याशी असाच व्यवहार करतो, यात अर्थशास्त्र काही नाही.

१ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली गाडी सुटली, तेव्हापासून एसटीने ‘बहुजन हिताय’ वगैरे पुष्कळ लिहून ठेवलंय. त्याची आठवण करून देत नाही, तुम्हाला ती आमच्यापेक्षा जास्त वेळा भाषणात करावी लागते.

माझी शेवटची विनंती साधी आहे. आमच्या फाट्यावरची सकाळची गाडी, संध्याकाळची गाडी आणि मुक्कामी गाडी यांतली कोणती चालू राहणार आणि कोणती कायमची बंद, हे मे महिना संपायच्या आत लेखी कळवा. ‘कार्यवाही करण्यात येईल’ असं नको, हो किंवा नाही. जूनमध्ये अकरावीचे प्रवेश सुरू होतात. इथल्या बापांना पोरीचं नाव कॉलेजात घालायचं की नाही ते त्याआधी ठरवावं लागतं, आणि गाडीचं उत्तर आलं नाही तर ते काय ठरवतात ते मला दुकानात बसून दर वर्षी दिसतं.

आपला नम्र,
फाट्यावरचा एक किराणा दुकानदार